दहा मीटरांवरचे आप्त

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रवासवर्णनांची वाण कधीच पडलेली नाही. आल्प्सचे बर्फ, चारधाम, अमेरिकेतील लेकी-सुनांची घरे, फार काय, अंटार्क्टिकाही या पानांवर येऊन गेला आहे. तेव्हा संपादकांनी ‘काहीतरी लिहाच’ म्हणून आग्रह केल्यावर, ज्या प्रवासात वैद्य म्हणून माझी भूमिकाच उलटी झाली त्याविषयी लिहावे असे मनाने घेतले. एरवी आपण कोणाजवळ जाऊन बसतो ते आपल्यापासून त्याला काही गुण यावा म्हणून. युगांडातील ब्विंडीच्या अरण्यात ज्यांच्याजवळ मी एक तास बसलो, त्यांना माझ्यापासून मिळण्याजोगी एकच वस्तू होती, ती म्हणजे संसर्ग. आणि आयुष्यभर छातीचे विकार तपासत आलेल्या माणसाला हे इतक्या स्पष्टपणे प्रथमच कोणी सांगितले होते.

गोरिला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्राणिसंग्रहालयातला पिंजरा येतो. तेथील गोरिला बहुतेक सारे पश्चिमेकडच्या सखल अरण्यांतले. पर्वतीय गोरिला मात्र जगातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात नाही. त्याला पाहायचे तर त्याच्या घरीच जावे लागते, आणि त्याची घरे उरली आहेत दोनच. एक, रवांडा, युगांडा व काँगो या तीन देशांच्या सीमा जेथे मिळतात ती विरुंगा ज्वालामुखींची रांग; दुसरे, तिच्या उत्तरेला युगांडातील ब्विंडी आणि त्याला लागून काँगोत असलेला सारांब्वेचा तुकडा. या दोहोंच्या मध्ये माणसांची दाट वस्ती आणि डोंगरमाथ्यापर्यंत चढलेली शेते. २०१५-१६ च्या गणनेत विरुंगात ६०४ आणि २०१८ च्या गणनेत ब्विंडी-सारांब्वेत ४५९, असे एकंदर १०६३ पर्वतीय गोरिला मोजले गेले. आपल्या बडोद्यातल्या एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या शाळेचा पट याहून मोठा असतो. तरीही ही आनंदाचीच वार्ता समजावयाची, कारण १९८० च्या सुमारास विरुंगातील संख्या अडीचशेपर्यंत घसरली होती. २०१८ च्या नोव्हेंबरात त्यांचे नाव ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून काढून ‘संकटग्रस्त’ या वर्गात घालण्यात आले. अतिदक्षता विभागातून साध्या वॉर्डात, एवढेच. घरी सोडलेले नाही.

या प्राण्याशी युरोपियन माणसाची पहिली नोंदलेली भेट बंदुकीच्या नळीतून झाली. १९०२ साली रॉबर्ट फॉन बेरिंगे या जर्मन कॅप्टनने सबिन्यो पर्वतावर दोन गोरिला मारले आणि प्राणिशास्त्राने कृतज्ञतेने त्या जातीला मारणाऱ्याचेच नाव दिले! पुढे १९५९ मध्ये जॉर्ज शॅलर बंदूक न घेता त्यांच्यात गेले व हा महाकाय प्राणी शाकाहारी, कुटुंबवत्सल आणि लाजाळू असल्याचे त्यांनी जगाला दाखवून दिले. १९६७ मध्ये डायन फॉसी यांनी रवांडाच्या डोंगरात कारिसोके हे संशोधनकेंद्र उभारले. त्यांचा लाडका ‘डिजिट’ नावाचा नर १९७७ च्या अखेरच्या दिवशी चोरट्या शिकाऱ्यांनी मारला. १९८५ मध्ये खुद्द फॉसी यांचीही हत्या झाली. ती कथा पुस्तकामुळे आणि चित्रपटामुळे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून येथे लांबवीत नाही.

मला अधिक कुतूहल वाटले ते ‘सरावणे’ या प्रक्रियेचे. रानातला गोरिला माणूस दिसताच पळतो, नाहीतर गर्जना करीत अंगावर येतो. मग पर्यटक त्याच्यापासून काही पावलांवर कसे बसू शकतात? त्यासाठी तीच ती ठरलेली माणसे दोन-दोन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ, रोज त्या कुटुंबाच्या मागावर जातात. काही मागत नाहीत, खायला देत नाहीत. नुसती बसतात, झाडाची पाने चघळल्याचे सोंग करतात, घशातून समाधानाचा एक खोल हुंकार काढतात. तो हुंकार गोरिलांच्या भाषेत ‘सारे क्षेम आहे’ अशा अर्थाचा. नर अंगावर चालून आला तर पळायचे नाही, मान खाली घालून बसून राहायचे. महिनोन्‌महिने असे गेल्यावर एक दिवस तो नर त्यांच्याकडे पाठ करून खाऊ लागतो. याला माणसाळवणे म्हणता येणार नाही. माणसाळलेला प्राणी माणसावर अवलंबून असतो. हा केवळ माणसाकडे दुर्लक्ष करायला शिकतो. ब्विंडीत १९९३ मध्ये मुबारे हे पहिले कुटुंब पर्यटकांसाठी खुले झाले. आज तेथे अशी वीसहून अधिक कुटुंबे आहेत.

येथेच आपल्या व्यवसायाशी नाते जुळते. आपला आणि गोरिलाचा जनुकीय साठा सुमारे ९८ टक्के सारखा. साहजिकच आपले विषाणू त्याच्या श्वसनमार्गात सुखाने नांदतात, मात्र आपल्याजवळ असलेली प्रतिकारशक्ती त्याच्याजवळ नसते. १९८८ मध्ये विरुंगातील गोरिलांत श्वसनविकाराची साथ आली आणि सहा गोरिला दगावले. गोवराचा संशय आल्याने उरलेल्यांना दुरून औषधबाण मारून गोवराची लस देण्यात आली. १९९६ मध्ये ब्विंडीत एका कुटुंबाला खरूज झाली. केस झडले, त्वचा सोलवटली, एक पिल्लू मेले. शेतातल्या बुजगावण्यांना चढवलेल्या माणसांच्या जुन्या कपड्यांवरून ती आली असावी असा कयास होता. आपल्याकडे गावोगाव आढळणारा आणि चार-सहा रुपयांच्या औषधाने बरा होणारा तो किडा!

२००९ चे प्रकरण तर माझ्या विषयातले. रवांडातील हिर्वा नावाच्या बारा जणांच्या कुटुंबात अकरा आजारी पडले. खोकला, नाकातून स्राव, सुस्ती. एक मादी आणि एक नवजात पिल्लू मरण पावले. उतींच्या तपासणीत सापडला तो मानवी मेटान्यूमोव्हायरस. हा विषाणू २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला. वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत जवळजवळ प्रत्येक मनुष्यबालकाला तो एकदा तरी होऊन जातो आणि आईला वाटते, हवा बदलली. वाचकांना स्मरत असेल, जानेवारी २०२५ मध्ये हाच विषाणू बंगळूर आणि अहमदाबादच्या बालकांत सापडला म्हणून वृत्तवाहिन्यांनी केवढा हलकल्लोळ केला होता. आम्ही युगांडाहून नुकतेच परतलो होतो. दवाखान्यात जो तो ‘साहेब, हा नवा रोग काय?’ म्हणून विचारी, आणि माझ्या मनात येई, हा रोग नवा कोणाला आणि जुना कोणाला, ते डोंगरातल्या हिर्वा कुटुंबाला विचारावे.

आता प्रवासाकडे वळतो. युगांडाचे नाव बडोदेकरांना परके नाही. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम काढला, तेव्हा परतलेली काही गुजराती कुटुंबे आपल्या शहरात स्थायिक झाली. माझे एक वयोवृद्ध रुग्ण त्यांपैकीच. इन्हेलरचे दोन झोत घेऊन झाले की ते कंपालातील आपल्या दुकानाच्या आठवणी काढीत. ‘गोरिला पाहिलेत का?’ असे मी एकदा विचारले, तर म्हणाले, ‘ते कुठे तरी खाली, नैर्ऋत्येला. आम्हांला दुकानातून सवड होती कुणाला!’ हे बीज तेथे पडले. २०२४ च्या डिसेंबरात, पीतज्वराची लस टोचून घेऊन, सौ. आणि मी मुंबईहून एन्टेबेला उतरलो.

एन्टेबे ते बुहोमा हा रस्ता पुरा एक दिवस खातो. विषुववृत्त ओलांडले, लांबलचक शिंगांच्या अंकोले गायी पाहिल्या, केळीच्या बागा मोजायचे सोडून दिले. वाटेत चालकाने ‘रोलेक्स’ खाऊ घातला. घड्याळ नव्हे, चपातीत अंड्याची पोळी गुंडाळलेला पदार्थ. आपल्या चपातीने आफ्रिकेत एवढे नाव काढल्याचे पाहून सौ.ला अतोनात समाधान वाटले. कानुंगू सोडल्यावर डांबर संपले, चहाचे मळे लागले आणि त्यांच्या कडेला एकाएकी, भिंत उभी राहावी तसे, अरण्य सुरू झाले. मळा आणि अरण्य यांच्यात दुसरे काहीही नाही. मुले त्याच काठावर शेळ्या चारतात. साथीचा उगम शोधण्याची सवय असलेल्या कोणालाही ती सीमारेषा पाहून थोडे अस्वस्थ वाटावे.

परवाना प्रत्येकी आठशे डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे अडुसष्ट हजार रुपये. (शेजारच्या रवांडात तो पंधराशे डॉलर आहे.) एका कुटुंबाकडे दिवसातून एकच तुकडी, तुकडीत अधिकात अधिक आठ माणसे, आणि भेट एका तासाची. पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. अंतर पूर्वी सात मीटर होते, कोविडनंतर दहा केले गेले. मुखपट्टी सक्तीची झाली. आणि सर्दी-खोकला, ताप, जुलाब यांपैकी काहीही असलेल्याने जायचे नाही.

हा शेवटचा नियम आमच्या वाट्याला आला. जायच्या दिवशी पहाटे साडेपाचला सौ.ला लागोपाठ चार शिंका आल्या. घसा खवखवत होता, नाक वाहू लागले होते. ताप नव्हता. न्याहारीच्या मेजावर एका सहप्रवाशाने मोठ्या आपुलकीने सल्ला दिला, ‘एक सर्दीची गोळी घ्या. दोन तास नाक कोरडे राहील. तिथे फक्त तापमापक लावतात, आणि ताप तर तुम्हांला नाहीच.’ त्याचे म्हणणे तंतोतंत खरे होते. गोळी आमच्याच पिशवीत होती. अडुसष्ट हजार रुपये आणि दोन वर्षांची तयारी एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात काय, तर चार शिंका. मी काहीच बोललो नाही. हा निर्णय तिचा होता.

ती सदतीस वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. म्हणाली, ‘अहो, पोराला क्रोसिन पाजून शाळेत धाडणाऱ्या आईबापांना मी आयुष्यभर रागावत आले. तुम्ही जा. मला फोटो नकोत, नीट पाहून या आणि सांगा.’ परवान्याचे पैसे परत मिळतात की नाही, हे तिने विचारलेसुद्धा नाही. गरम पाण्याचा थर्मास घेऊन व्हरांड्यात जाऊन बसली.

मी निघालो. उद्यानाच्या दारात हात आणि जोड्यांचे तळवे निर्जंतुक केले, कपाळाला तापमापक लागला. वाटाड्याने सूचना दिल्या: खोकला आला तर तोंड कोपरात घालून पाठ फिरवा, शौचाला जावे लागले तर सांगा, खड्डा खणून पुरले पाहिजे, तेथे खायचे नाही, थुंकायचे नाही. शस्त्रक्रियागृहात नव्या निवासी डॉक्टरांना आपण सांगतो त्याच सुरात, तेवढ्याच निर्विकारपणे. पुढे माग काढणारे दोघे पहाटेच गेले होते. आदल्या दिवशी कुटुंबाला जेथे सोडले तेथून ते रात्रीच्या घरट्यांपर्यंत माग काढतात. गोरिला रोज संध्याकाळी पाने दुमडून नवे अंथरूण करतो आणि सकाळी तेथेच विधी उरकून निघतो. ती घरटी मोजली, विष्ठा पाहिली की कोण किती जण होते, कोणाचे पोट बिघडले आहे, हे कळते. सकाळच्या राऊंडला परिचारिकेने हातात द्यावा तसा अहवाल!

माझ्याबरोबर गावातली एक तरुणी ओझे वाहायला होती. या रोजगारावर तेथील अनेक घरे चालतात, आणि खरे सांगायचे तर ती नसती तर मी पोहोचलोही नसतो. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ओल्या मातीच्या उभ्या चढावर, पायांखाली जमीन नसून गुंतलेल्या वेलींची गादी असताना, वाटाड्या पुढे कोयत्याने वाट करतो आहे आणि आपण हाताला सापडेल त्या खाजऱ्या झुडपाला धरतो आहोत, असे अडीच तास गेले. मागेपुढे बंदूकधारी रक्षक होते. ते रानहत्तींना आवाजाने पिटाळण्यासाठी. मग बिनतारी यंत्रावर दोन शब्द आले. पिशव्या व काठ्या खाली ठेवल्या, मुखपट्ट्या चढल्या.

प्रथम वास आला. घाम आणि ओले गवत यांचा उग्र, पण किळस न आणणारा दर्प. मग वाटाड्याने तो खोल हुंकार काढला आणि झाडीतून तसाच हुंकार परत आला. दोन पावले पुढे गेलो तर उतारावर तो बसला होता: सिल्व्हरबॅक, पाठीवर रुपेरी केस आलेला कुटुंबाचा कर्ता नर. वजन दीडशे किलोंहून अधिक सहज. डोके शिखरासारखे, छाती पिंपासारखी आणि पोट असे की आपल्यापैकी कोणालाही आधी जलोदराचीच शंका यावी. पण तो निखळ आहार होता. दिवसभर पाला, देठ, साल खाऊन पचवायची तर तेवढे आतडे हवेच. एक जाड देठ त्याने दातांनी सोलला, आतला गर खाल्ला, साल बाजूला ठेवली. ऊस सोलणाऱ्या माणसाची सफाई. एकदा त्याने आमच्याकडे पाहिले. तांबूस तपकिरी डोळे. त्यांत भीती नव्हती, कुतूहलही नव्हते. आम्ही त्याच्या रोजच्या कार्यक्रमातली एक बाब होतो.

जवळच एक मादी पिल्लाला मांडीवर घेऊन पहुडली होती. पिल्लू चार-पाच महिन्यांचे असावे. गोरिलाचे गर्भारपण साडेआठ महिन्यांचे आणि दोन बाळंतपणांत सुमारे चार वर्षांचे अंतर. म्हणजे एक पिल्लू गेले की ते कुटुंब चार वर्षे मागे जाते, हे गणित तेथे बसून डोक्यातून जाईना. दोन खोडकर पोरे एका वेलीवर लोंबकळत होती. त्यांतले धाकटे छाती पिटण्याचा आव आणून उभे राहिले आणि तोल जाऊन मागच्या मागे घरंगळले. आम्ही सगळे मुखपट्टीआड हसलो. मग तेच पोर थेट आमच्याकडे येऊ लागले. दहा मीटर, सहा, चार. अंतराचा नियम आम्हांला होता, त्याला नव्हता. वाटाड्याने हात आडवा करून सगळ्यांना मागे रेटले. तुकडीतल्या एकाने कॅमेरा पुढे करून पाय रोवले होते. त्याला त्याने दंडाला धरून ओढले, फारसा शिष्टाचार न पाळता.

२०२० मध्ये ब्विंडीविषयी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५३ भेटींचे निरीक्षण केले होते, आणि जवळजवळ प्रत्येक भेटीत सात मीटरांचा नियम मोडला गेला होता. परतल्यावर ते वाचताना मला आश्चर्य वाटले नाही. हात धुण्याच्या नियमाचे आपल्या रुग्णालयांत काय होते, हे आपण जाणतोच.

चाळीसएक मिनिटे झाली असतील. चष्म्यावर वाफ धरली होती म्हणून मी डोळे मिटून नुसता ऐकत होतो. आणि पानांआडून खोकला आला. दोनदा; कोरडा, आखूड, मागे घरघर नसलेला. छत्तीस वर्षे हाच आवाज पडद्यापलीकडून ऐकत आलो आहे. दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आले नाही, पण वाटाड्याने माझ्याआधी मान वळवली होती. एक अर्धवट वाढलेली मादी बाहेर आली. नाकपुड्या कोरड्या, श्वासाची गती डोळ्यांनी मोजली ती संथ, हातात देठ आणि खाणे चालू. आवाज ऐकून हात आपोआप खिशातल्या स्टेथोस्कोपकडे जावा आणि खिशात तो नसावा, तशी माझी अवस्था. वाटाड्याने वहीत तिचे नाव, वेळ आणि ‘खोकला – २’ एवढे लिहिले. प्रत्येक गोरिलाला त्याच्या नाकावरच्या सुरकुत्यांवरून ओळखतात. त्या आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या दर एकाच्या वेगळ्या. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, ‘डॉक्टर, उद्या पुन्हा पाहू. खायचे थांबली किंवा कुटुंबाच्या मागे राहू लागली, तर पशुवैद्यांना बोलावणे जाते.’

हे पशुवैद्य म्हणजे ‘गोरिला डॉक्टर्स’. डायन फॉसी यांच्याच आग्रहातून १९८६ मध्ये रवांडात हे काम सुरू झाले. आज ते तिन्ही देशांत चालते. शिस्त अशी की नैसर्गिक किरकोळ दुखण्यात पडायचे नाही. जीवावर बेतले असेल किंवा इजा माणसामुळे झाली असेल तरच हात लावायचा. हरणांसाठी लावलेल्या फासात गोरिलाचा हात अडकतो, तेव्हा त्याला भुलीचा बाण मारायचा, कर्त्या नराला इतरांनी दूर थोपवून धरायचे आणि चिखलातच तार कापून जखम बांधायची. न्यूमोनिया वाटला तर प्रतिजैविकाचा बाण. एक्स-रे नाही, रक्ततपासणीचा निकाल हाती नाही, रुग्ण बोलत नाही आणि नातेवाईक दीडशे किलोंचे! आपल्या तक्रारी तेथे फार लहान वाटू लागतात.

आणि येथे एक विलक्षण गोष्ट सांगितली पाहिजे. मार्था रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी विरुंगातील १९६७ ते २००८ या काळाचा हिशेब मांडला. ज्या कुटुंबांत माणूस रोज जात होता ती वर्षाला सुमारे चार टक्क्यांनी वाढली. ज्यांच्याजवळ कोणी जात नव्हते ती किंचित घटली. म्हणजे आपला श्वास त्यांना धोक्याचा, आणि आपली रोजची नजर त्यांच्या जीवनाचा आधार. दोन्ही एकाच वेळी खरे. कोविडकाळात हे आणखी टोचले. २०२० च्या मार्चमध्ये पर्यटन बंद झाले; संसर्गाचे भय टळले, पण गावांचा रोजगारही गेला, रानात फास वाढले आणि त्याच वर्षी जूनमध्ये ब्विंडीतील राफिकी हा प्रसिद्ध नर एका शिकाऱ्याच्या भाल्याने मेला. पुढच्या जानेवारीत अमेरिकेत सॅन दिएगोच्या उद्यानातील गोरिलांना माणसाकडून कोविड झाल्याचे सिद्ध झाले. बंद ठेवावे तरी मरण, उघडावे तरी भय. तज्ज्ञांनी मधली वाट काढली ती मुखपट्टीची आणि तीन मीटर वाढीव अंतराची.

तास संपला. घड्याळ पाहून वाटाड्याने खूण केली, आणि आम्ही पाठ न फिरवता मागे सरकलो. संध्याकाळी व्हरांड्यात मी सौ.ला सारे सांगितले: देठ सोलणे, छाती पिटणारे पोर, आणि तो खोकला. इतर कशाहीपेक्षा तिने खोकल्याबद्दल जास्त प्रश्न विचारले. चार महिन्यांचे पिल्लू त्या मादीच्या किती जवळ होते? तिसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी निरोप आला की ती तरुण मादी व्यवस्थित खाते आहे आणि पुन्हा खोकलेली नाही.

तोवर सौ.चे नाक कोरडे झाले होते. त्या दिवशी आम्ही बुहोमाचे ब्विंडी सामुदायिक रुग्णालय पाहिले. त्याची जन्मकथा या अरण्याच्या दुसऱ्या बाजूची आहे. हे अरण्य मुळात बाट्वा लोकांचे. शिकार आणि कंदमुळांवर जगणारे हे आदिवासी १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर होताच बाहेर काढले गेले. जमीन नाही, भरपाई नाही, शेतीची सवय नाही, आणि अरण्याबाहेरच्या रोगांना सामोरे जाण्याचे बळही नाही. गोरिला वाचले त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचे छायाचित्र कोणत्याही माहितीपत्रकावर मोठे छापलेले नसते. २०२१ मध्ये युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने बाट्वांच्या बाजूने निर्णय दिला. पण निर्णय आणि जमीन यांतले अंतर किती असते, हे धरणग्रस्तांच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्याला सांगायला नको. या शतकाच्या आरंभी स्कॉट आणि कॅरोल केलरमन हे अमेरिकन दाम्पत्य या विस्थापितांसाठी येथे आले. डॉक्टर केलरमन एका झाडाखाली बसून रुग्ण तपासत. त्यातून उभे राहिलेल्या या रुग्णालयात आज बालविभाग आहे, दूरच्या गर्भवतींसाठी प्रतीक्षागृह आहे, परिचर्या विद्यालय आहे आणि गावकऱ्यांची आरोग्यविमा योजनाही. बालविभागात सौ. बराच वेळ रेंगाळली. न्यूमोनियाची बाळे होती, हिवतापाची होती.

गावात गोरिलांच्याच निमित्ताने मनुष्यांचे आरोग्य पाहणारे आणखी एक काम चालते. खरजेच्या साथीचा तपास करणाऱ्या युगांडाच्या पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी त्या अनुभवातून २००३ मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन थ्रू पब्लिक हेल्थ’ ही संस्था काढली. माणूस खोकत राहिला तर गोरिला निरोगी राहणार नाही, इतका साधा त्यांचा विचार. त्यांचे स्वयंसेवक घरोघर जातात. क्षयाचे संशयित शोधतात, कुटुंबनियोजन समजावतात, संडास आणि हात धुण्याची सोय पाहतात. गोरिला केळीच्या बागेत शिरले तर त्यांना दगड न मारता परत वळवणारे गावकऱ्यांचे गटही आहेत.

अशी एक स्वयंसेविका आम्हांला केळीच्या बागेजवळच्या एका घरात भेटली. हातात शाळकरी वही. एका पानावर घरातल्या मुलांच्या लसी, दोन आठवड्यांहून अधिक खोकणाऱ्यांची नावे, थुंकी तपासणीला कधी पाठवले त्या तारखा. पुढच्या पानावर गोरिला कोणत्या दिवशी बागेत आले, किती होते, किती झाडे मोडली. सौ.ने ती वही फार मन लावून पाहिली आणि विचारले, ‘गोरिला आले त्या आठवड्यात घरात कोणी खोकत होते का, हे कसे जुळवतेस?’ त्या मुलीने वही तिच्या हातून घेतली, दोन्ही पाने समोरासमोर धरली आणि तारखांवर बोट ठेवून दाखवले.